काकांच्या पेटीतलं ‘रामायण’ लोकांसमोर कसं आणावं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे गल्लत व्हायला नको. तुमचे काका ‘रामायण’ मालिकेच्या वेळी उंबरगावच्या सेटवर ड्रेस विभागात कामाला होते. ते गेल्यानंतर त्यांच्या पत्र्याच्या पेटीत सुमारे ६०० निगेटिव्ह, चिकट पानांचे दोन अल्बम, चार व्हीएचएस, सात-आठ ऑडिओ कॅसेट, काही कॉलशीट (कुठल्या दिवशी चित्रीकरणाला कुणी यायचं याचे कागद) आणि संवादांचे टाइप केलेले कागद निघाले. तुमचा मुलगा म्हणतो, मोबाइलने फोटो घेऊन रोज एक टाकू या. एका प्रकाशकाने पुस्तकाची तयारी दाखवली आहे आणि ‘पेटी पाठवून द्या, पुढचं आम्ही बघतो’ असं कळवलं आहे. तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत: हे प्रसिद्ध करायला कायद्याची अडचण आहे का, आणि स्कॅनर कुठला घ्यावा.

मी गेली २२ वर्षं नाटक आणि दूरदर्शनवरच्या मंडळींच्या घरांतले फोटो, टेपा, वह्या जतन करण्याचं काम करते. त्या अनुभवावरून सांगते, स्कॅनरची घाई नाही. निगेटिव्ह नीट ठेवल्या तर आणखी काही वर्षं थांबतील. त्या फोटोंत कोण आहे हे सांगणारी माणसं थांबणार नाहीत. मालिका २५ जानेवारी १९८७ ला सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ ला संपली. तेव्हा चाळिशीत असलेला सुतार, लाइटमन किंवा शिंपी आज ऐंशीच्या घरात आहे. राम-सीता-लक्ष्मण ओळखायला कुणाचीच मदत लागणार नाही. जयश्री गडकर कौसल्या, त्यांचे यजमान बाळ धुरी दशरथ, ललिता पवार मंथरा, संजय जोग भरत, ही आपली मराठी माणसंही कुणीही चटकन ओळखेल. पण मुकुटाला टिकली चिकटवणारा तो हडकुळा मुलगा कोण? वानरसेनेत उभी असलेली, अंगाला फर बांधलेली माणसं कुठल्या गावची? चहाची किटली घेऊन कडेला उभ्या असलेल्या बाई कोण? १९६० पर्यंत उंबरगाव ठाणे जिल्ह्यात होतं. त्या पट्ट्यात आजही घरोघरी मराठी-गुजराती दोन्ही चालतात आणि डहाणू-तलासरीकडे नातीगोती पसरलेली आहेत. त्यामुळे तुम्ही पालघर जिल्ह्यात राहता हे तुमचं मोठं भांडवल आहे. मुंबईत बसून मला जे महिनोन्‌महिने जमणार नाही, ते तुम्ही दोन-चार रविवारी करू शकता.

म्हणून पहिलं काम हे करा. अल्बममधल्या प्रिंटचे मोबाइलने साधे फोटो घ्या. दर्जाची काळजी नको, ही फक्त कामाची प्रत. प्रत्येकाला क्रमांक द्या आणि ए-फोर कागदावर दोन-दोन फोटो मोठे छापून घ्या. काकूंना घेऊन काकांच्या जुन्या सहकाऱ्यांच्या घरी जा. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करत ठेवा, पण त्यांना सांगून. प्रश्न ‘हे कोण?’ एवढाच नसावा. ‘हा दिवस आठवतो का?’, ‘यानंतर काय झालं?’, ‘हे कापड कुठून आणायचे?’ असं विचारा. कागदावरचा फोटो म्हाताऱ्या माणसाच्या हातात दिला की तो डोळ्यांजवळ नेतो, बोट ठेवतो आणि बोलायला लागतो. मोबाइलच्या पडद्यावर तसं होत नाही, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. रेकॉर्डिंगमध्ये ‘फोटो क्रमांक ४२’ असं तोंडाने म्हणत जा, नाहीतर नंतर ऐकताना कुठल्या फोटोबद्दल चाललंय ते कळत नाही. एकाने सांगितलेलं नाव लगेच पक्कं धरू नका. ‘अमुक यांच्या मते’ असं लिहा आणि दुसऱ्याला विचारा.

यावरून माझी एक चूक सांगते. कामाला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. एका नाट्यछायाचित्रकाराचा संग्रह हाती आला. निगेटिव्ह वेगवेगळ्या मळकट पाकिटांत होत्या. मला ते अव्यवस्थित वाटलं, म्हणून मी सगळ्या बाहेर काढून नाटकांनुसार नव्या पाकिटांत लावल्या आणि जुनी पाकिटं टाकून दिली. काही महिन्यांनी कळलं की त्या पाकिटांवरचे पेन्सिलचे आकडे ही त्यांच्या डायरीतली पानं होती. डायरी मिळाली, तारखा मिळाल्या, पण कुठली पट्टी कुठल्या पाकिटातली ते कायमचं गेलं. त्यांच्या मुलीला हे सांगायला मी गेले तो दिवस मी विसरलेले नाही. तेव्हा पेटी ज्या क्रमाने भरली होती तो क्रम मोडू नका. प्रत्येक थर उचलण्याआधी वरून फोटो घ्या. पाकीट, चिठ्ठी, लॅबचं बिल, रबरबँडखाली अडकलेला बसच्या तिकिटाचा तुकडा, काहीही टाकू नका. लॅबच्या पाकिटावरचा शिक्का आणि बिलाचा क्रमांक अनेकदा तारखेचा एकमेव पुरावा असतो.

तारीख लावायचे आणखी दोन मार्ग आहेत. निगेटिव्हच्या कडेला फिल्मचं नाव छापलेलं असतं: कोडॅक, फुजी, किंवा उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’. त्याशेजारी फ्रेमचे आकडे असतात. ६०० निगेटिव्ह म्हणजे ३६ चे साधारण १७ रोल झाले. आकड्यांवरून आणि कापलेल्या टोकांवरून पट्ट्या एकेका रोलमध्ये जुळवता येतात, आणि एका रोलमधला एक फोटो ओळखला की उरलेले ३५ आपोआप जवळ येतात. दुसरा मार्ग म्हणजे मालिकाच. ७८ भाग आज पाहता येतात. पात्राचा पोशाख, दागिने, सेटवरचा खांब पाहून प्रसंग सापडतो. तुमचे काका ड्रेस विभागात होते, तेव्हा हे काम त्यांच्या फोटोंवर विशेष नीट होईल. एवढं ध्यानात असू द्या की चित्रीकरण कथेच्या क्रमाने होतंच असं नाही. प्रसंग कळला म्हणजे दिवस कळला असं नव्हे. दिवसासाठी कॉलशीट पाहा. लोक कॉलशीटला रद्दी समजतात. माझ्या लेखी तुमच्या पेटीतला सगळ्यात मोलाचा कागद तोच आहे, कारण त्यावर कुठल्या दिवशी कुणाला बोलावलं होतं हे लिहिलेलं असतं.

आता सांभाळण्याबद्दल. समुद्राजवळचं घर आणि पत्र्याची पेटी ही जोडी वाईट. पावसाळ्यात पत्रा आतून घामेजतो. पेटीतल्या डांबरगोळ्या आजच काढा. निगेटिव्ह नाकाजवळ न्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर अॅसिटेटची फिल्म कुजायला लागली आहे. ही क्रिया एकदा सुरू झाली की निघणारं आम्लच तिला आणखी वेग देतं आणि शेजारच्या फिल्मलाही लागण होते. अशा पट्ट्या वेगळ्या ठेवा आणि सगळ्यात आधी स्कॅन करा. मऊ, चिकट झालेली पीव्हीसीची पाकिटं बदलावीत. पॉलिप्रॉपिलीनची किंवा आम्लरहित कागदाची पाकिटं घ्या, आणि जुन्या पाकिटावर काही लिहिलेलं असेल तर ते नव्याच्या शेजारी जपून ठेवा. पट्टी कडेने धरा. धूळ रबरी फुग्याने उडवा. फुंकर मारू नका, थुंकीचे थेंब बसतात. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसायचा मोह आवरा, कारण बुरशी फिल्मवरचा जिलेटिनचा थरच खात असते आणि ओल लागली की तो थर फडक्याबरोबर निघून येतो. घरातल्या सर्वांत थंड आणि कोरड्या खोलीत, भिंतीला न टेकवता, जमिनीपासून वर, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. जेलचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरता येतं. रंगीत प्रिंट आणि निगेटिव्ह अंधारातही फिकट होत जातात. ते पूर्ण थांबवता येत नाही, थंडीने मंदावतं एवढंच.

चिकट पानांच्या अल्बमबद्दल वेगळं सांगायला हवं. तो प्लॅस्टिकचा पापुद्रा आणि खालचा गोंद या दोघांनी मिळून १९८० च्या दशकातल्या फोटोंची जितकी नासाडी केली तितकी पुरानेही केली नसेल असं मला कधीकधी वाटतं. फोटो ओढून काढू नका. आधी पान आहे तसं स्कॅन करा. मग दात साफ करायचा, मेण नसलेला धागा फोटोच्या खालून करवतीसारखा हळूहळू सरकवा. निघत नसेल तर सोडून द्या, पानासकट राहू द्या.

स्कॅनर. ६०० निगेटिव्हसाठी नवं महागडं यंत्र घेण्यापेक्षा चांगल्या लॅबकडून, समोर बसून, करून घेणं मला जास्त पटतं. स्वतः करायचं असेल तर फिल्मसाठी वरून प्रकाश पडणारा फ्लॅटबेड किंवा मॅक्रो लेन्सचा डिजिटल कॅमेरा आणि लाइटपॅड (खालून उजेड देणारी पाटी) चालेल. ३५ मिलिमीटर निगेटिव्हला इंचाला ४००० पिक्सेल मागा, १६ बिटमध्ये, टिफ स्वरूपात (हा फोटोचा दर्जा न घटवणारा फाइलचा प्रकार). एक फोटो सुमारे १२५ एमबीचा होईल, सगळे मिळून ७५ जीबीच्या आसपास. आजच्या काळात हे काहीच नाही. अल्बममधल्या प्रिंटला ६००, कागदांना रंगीत ४०० पुरे. कागद काळे-पांढरे स्कॅन करू नका, पेन्सिलची खूण आणि शाईचा रंग जातो. टिफला हात लावायचा नाही. रंग सुधारणं, ओरखडे काढणं सगळं प्रतीवर. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. २००३ च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या, चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मची हजारो रिळं थोड्या वेळात गेली. सगळं एका छताखाली असणं म्हणजे काय ते आमच्या पेशातल्या प्रत्येकाला तेव्हा कळलं.

व्हीएचएस आधी मशीनमध्ये घालून पाहू नका. झाकण उचलून टेपच्या कडा बघा. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. एक फेरी चालवली तरी ती मशीनच्या हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटला जाते. नवे व्हीसीआर बनवणारी जपानची शेवटची कंपनी २०१६ च्या जुलैत थांबली. आज चालू मशीन आहेत ती सगळी जुनी, आणि दुरुस्त करणारे कारागीर थोडे. म्हणून चारही कॅसेट एकदाच, जाणकाराकडून करून घ्या. त्यातली एखादी सेटवर कुणीतरी घेतलेली असेल तर सोनं आहे. टीव्हीवरून उतरवलेली असेल तर तीही टाकू नका. मालिका सुरक्षित आहे, पण भागाच्या मागेपुढे आलेल्या जाहिराती, निवेदिकेचे दोन शब्द, घरातल्या कुणाचा ‘अरे, लागलं रामायण!’ असा आवाज दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. बीबीसीने ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे १९६० च्या दशकातले कितीतरी भाग पुसून टाकले. आज ते भाग समजतात ते मुख्यतः टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून प्रेक्षकांनी घरी केलेल्या ध्वनिमुद्रणांमुळे आणि पडद्यावरून काढलेल्या फोटोंमुळे. ती ध्वनिमुद्रणं करून सांभाळणारी सामान्य माणसं होती.

आता कायदा. मी वकील नाही. पुस्तक निघणार असेल तर करार वकिलाला दाखवाच. पण कामातून जे शिकले ते असं: निगेटिव्ह तुमच्याकडे असणं आणि हक्क तुमच्याकडे असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारी कंपनी असते. मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क काढायला सांगणाऱ्याकडे जातो. म्हणून प्रत्येक रोलबद्दल विचारा: कॅमेरा कुणाचा, रोल कुणी विकत घेतला, कशासाठी काढला? ड्रेस विभागाने पोशाख जुळवायला काढलेले कंटिन्यूइटीचे फोटो बहुधा कामाचे आहेत. दुपारच्या सुट्टीत काकांनी स्वतःच्या रोलवर काढलेले मित्रांचे फोटो त्यांचे. आणि कुणी दुसऱ्याने काढून त्यांना भेट दिलेला प्रिंट असेल तर तो ना त्यांचा ना तुमचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोचा हक्कही छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे ‘जुना आहे, चालतंय’ हे इथे लागू नाही. ‘इंटरनेटवर सगळेच टाकतात’ हेही नाही.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. काकांचे जे हक्क होते ते आता काकू आणि चुलतभावंडांकडे गेले असणार. पुतणी म्हणून तुम्ही कष्ट करता आहात, पण सही त्यांची हवी. एका साध्या कागदावर त्यांची संमती घ्या, काय प्रसिद्ध होईल आणि पैसे आले तर कसे वाटायचे ते लिहा. मी पाहिलेली भांडणं बहुतेक निर्मात्यांशी झालेली नाहीत, भावाभावांत झाली आहेत.

‘रामायण’ रामानंद सागर यांच्या सागर आर्ट्सची निर्मिती. मुंबई दूरदर्शनने स्वतः केलेली ‘चिमणराव’सारखी मालिका असती तर पत्र दूरदर्शनला लिहावं लागलं असतं. तुम्ही ते निर्मात्यांना लिहा. चार ओळी पुरेत: आमच्याकडे काय आहे, काय करायचं आहे, दहा नमुना फोटो सोबत. उत्तर येईल की नाही, कसं येईल, हे परिस्थितीवर आहे. पण विचारल्याची नोंद राहते, आणि माझ्या अनुभवात पुष्कळदा त्यांच्याकडूनच आणखी नावं कळतात. संवादांचे कागद पूर्ण छापू नका. त्यावर काकांनी समासात लिहिलेली टिपणं छापा, तीच खरी नवी गोष्ट आहे. गाण्यांच्या तालमीची कॅसेट असेल तर ती जपा, ऐका, तज्ज्ञाला ऐकवा, पण अपलोड करू नका. त्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण असे तीन वेगळे हक्क गुंतलेले असतात. कलाकारांचे चेहरे चहाचे मग, टी-शर्ट, कॅलेंडर असल्या वस्तूंवर अजिबात नको. अमिताभ बच्चन (२०२२) आणि अनिल कपूर (२०२३) यांच्या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयाने असा वापर रोखला आहे.

कायद्यापलीकडचंही पाहायला हवं. या मालिकेच्या वेळी रविवारी सकाळी लोक आंघोळ करून टीव्हीला हार घालून बसत. त्या पोशाखात पाय पसरून डुलकी काढणारा नट दिसला तर काहींना ते लोभस वाटेल, काहींना टोचेल. माझं मत विचाराल तर विश्रांती घेणारा, घाम पुसणारा, डबा खाणारा कलावंत दाखवावा, त्यातून त्या कामाचे कष्ट कळतात. पण अर्धवट कपडे बदलताना, नकळत टिपलेला फोटो संग्रहात राहू द्या, प्रसिद्ध करू नका. हयात असलेल्यांना आणि गेलेल्यांच्या घरच्यांना फोटो आधी दाखवा. २०२० च्या टाळेबंदीत मालिका पुन्हा लागली तेव्हा लक्ष्मण झालेल्या सुनील लहरी यांनी सेटवरच्या आठवणी व्हिडिओंतून सांगितल्या आणि लोकांनी त्या आवडीने ऐकल्या. कलाकारांनाही या दिवसांबद्दल बोलायला आवडतं.

मुलाच्या ‘रोज एक फोटो’ला माझा विरोध नाही, घाईला आहे. नाव, प्रसंग आणि कुणी ओळखलं हे तिन्ही असलेले ३० फोटो तयार झाले की आठवड्याला एक टाका. लांबी १६०० पिक्सेलच्या आसपास ठेवा. नाव आणि श्रेय फाइलच्या आतही भरा, कारण फोटो तुमच्या पानावरून निघाला की खालची ओळ मागे राहते. चेहऱ्यावरून आडवा जाणारा वॉटरमार्क मला आवडत नाही. चोर तो काढतो आणि चांगल्या वाचकाला मात्र त्रास होतो. खाली आलेल्या प्रत्येक ओळखीची वहीत नोंद करा. ‘हा माझा आजोबा’ अशी एक ओळ येईल, त्या ओळीसाठी हे सगळं करायचं.

प्रकाशकाला पेटी पाठवू नका. एका प्रकाशनसंस्थेला मी एकदा मूळ प्रिंट दिले होते. चार वर्षांनी परत आले तेव्हा ११ कमी होते, आणि पुस्तक निघालं नव्हतं. स्कॅन द्या, तेही निवडलेल्या फोटोंचे. करारात ‘सर्व हक्क कायमचे’ असं असेल तर खोडायला सांगा. एक भाषा, एक आवृत्ती, ठरावीक मुदत एवढीच परवानगी द्या. काही वाद झाला तर भरपाई तुम्ही करायची असं कलम असेल तर तिथे थांबा.

शेवटी मूळ वस्तू कुठे जाव्यात? पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय किंवा मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन यांना पत्र लिहून विचारा. दूरचित्रवाणीचं साहित्य ते घेतील का हे त्यांच्या जागेवर आणि धोरणावर अवलंबून आहे. देताना दानपत्रात काकांचं नाव, तुम्हाला स्कॅनची प्रत आणि संशोधकांना पाहण्याची मुभा, या तीन गोष्टी लिहून घ्या.

आणि हो, पेटी रिकामी झाली की झाकणाच्या आतली बाजू बघा. ड्रेसवाले तिथे कागद चिकटवून मापं लिहून ठेवायचे. तसा कागद असेल तर खरवडू नका, तिरप्या उजेडात फोटो घ्या आणि मला दाखवा.